जुनी १९११ पिस्तुलं : संग्रह आणि फेरबदल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी या छंदाकडे वळताना जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळा भर एकाच पिस्तुलावर आहे: जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेलं पॉइंट फोर्टी-फाइव्हचं (म्हणजे ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचं) १९११ या नावाचं पिस्तूल. कायद्याविषयी जे लिहिलं आहे ते अमेरिकेपुरतं आहे आणि फक्त सुरुवातीची दिशा दाखवतं. नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतातही, त्यामुळे खरेदीआधी आपल्या राज्याचा सध्याचा नियम स्वतः वाचा.

संग्रहाची सुरुवात १९११ पासूनच का करायची?

कारण या एका पिस्तुलात शंभर वर्षांचा इतिहास सलगपणे वाचता येतो. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी लढताना अमेरिकन सैनिकांना त्यांचं पॉइंट थर्टी-एटचं रिव्हॉल्व्हर तोकडं पडतंय असं जाणवलं. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या सैन्याधिकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या आणि पॉइंट फोर्टी-फाइव्हपेक्षा लहान गोळी नको असा निष्कर्ष काढला. पुढे कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांचीच पिस्तुलं शर्यतीत उरली. मार्च १९११ मधल्या शेवटच्या चाचणीत दोन्हींतून ६,००० गोळ्या झाडल्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. सॅव्हेज ३७ वेळा अडखळलं, ब्राउनिंग यांचं कोल्ट एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारलं आणि १९८५ मध्ये इटलीच्या बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत तेच अधिकृत पिस्तूल राहिलं.

इतकी वर्षं, इतके कारखाने आणि इतकी युद्धं असल्यामुळे प्रत्येक पिस्तुलावरच्या खुणा वेगळ्या. संग्राहकाला गुंतवून ठेवतात त्या याच खुणा.

१९११ आणि १९११ए१ ही वेगळी पिस्तुलं आहेत का?

यंत्रणा एकच, बाहेरून थोडे बदल. पहिल्या महायुद्धातल्या अनुभवानंतर १९२०च्या दशकात हे बदल झाले. चाप आखूड झाला. चापाच्या मागे फ्रेमला (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याला) दोन्ही बाजूंनी अर्धचंद्राकृती खोलगट भाग आला, म्हणजे लहान हाताच्या माणसाचंही बोट नीट पोहोचावं. मुठीची मागची बाजू सपाट होती ती फुगीर झाली. ग्रिप सेफ्टीचं (मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप चालू न देणाऱ्या मागच्या कळीचं) वरचं टोक लांबवलं, कारण हॅमर (काडतूस उडवणारा घोडा) मागे येताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या कातडीला चावा घेत असे. जुन्या १९११ च्या लाकडी मुठीवर स्क्रूंभोवती पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या कोऱ्या जागा दिसतात. ए१ वर त्या गेल्या आणि पुढे तपकिरी प्लास्टिकच्या मुठी आल्या.

कोणत्या कारखान्याचं घ्यावं?

खिशाप्रमाणे. दुसऱ्या महायुद्धातली सर्वांत जास्त पिस्तुलं रेमिंग्टन रँडची. ही टाइपरायटर बनवणारी कंपनी. बंदुका बनवणारी रेमिंग्टन वेगळी. ही पिस्तुलं मुबलक आहेत, त्यामुळे पहिल्या खरेदीला मी नेहमी तीच सुचवतो. इथाका ही शॉटगनवाली कंपनी, तर युनियन स्विच अँड सिग्नल रेल्वेचे सिग्नल बनवायची. सिग्नलवाल्यांनी साधारण ५५,००० पिस्तुलं केली आणि त्यांचं फिनिशिंग पाहण्यासारखं असतं.

आणि मग सिंगर. आपल्याकडे घरोघरी जिची शिलाई मशीन होती तीच ही कंपनी. तिने १९४१ मध्ये सरकारच्या मागणीवरून फक्त ५०० पिस्तुलं बनवली आणि मग विमानविरोधी तोफांच्या नेमसाधनांच्या कामाला लागली. आज अस्सल सिंगर लिलावात लाख डॉलरच्या वर जाते. म्हणूनच बनावट सिंगरही फिरतात. कुणी स्वस्तात सिंगर देऊ केली तर हात जोडून पुढे चला.

पहिल्या महायुद्धातली कोल्ट, स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि रेमिंग्टन-यूएमसीची पिस्तुलं महाग, पण देखणी. १९१८ च्या अखेरीची घाईत बनलेली काळपट कोल्ट मात्र नाजूक. तिचा रंग पोपडे धरून निघतो, आणि तो टिकून राहिला असेल तर भाव चढतो.

मी एच-१बी व्हिसावर आहे. घेऊ शकतो का?

या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत दुकानात पाऊल टाकू नका. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला संघराज्याचा कायदा मनाई करतो. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ राज्याचं वैध शिकार लायसन्स. पण ते आपल्याला लागू पडतात की नाही हे वकिलाकडूनच ठरवून घ्या. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने पिस्तूल घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. मित्राने "धर, एकदा बघ तरी" म्हटलं म्हणून कायदा सैल होत नाही, आणि इथे चूक झाली तर व्हिसा आणि पुढचं ग्रीन कार्ड दोन्ही पणाला लागतात. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. ते मिळेपर्यंत वाचन करा, संग्रहालयं बघा. या छंदातलं निम्मं काम अभ्यासाचं आहे आणि अभ्यासाला लायसन्स लागत नाही.

राज्यांचं म्हणाल तर न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट काढावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये आधी पिस्तूल लायसन्स लागतं. कॅलिफोर्नियात दुकानदाराला विकता येणाऱ्या पिस्तुलांची सरकारी यादी आहे, जुन्या संग्राह्य पिस्तुलांना मात्र तीतून सूट मिळते.

"सी अँड आर" लायसन्स काय असतं?

क्युरिओज अँड रेलिक्स, म्हणजे जुन्या संग्राह्य शस्त्रांच्या संग्राहकांसाठीचं संघराज्याचं लायसन्स. तीन वर्षांना ३० डॉलर. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली शस्त्रं यावर दुसऱ्या राज्यातूनही थेट घेता येतात. प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवणं बंधनकारक आहे. हे लायसन्स संग्रहासाठी आहे, त्यावर धंदा करता येत नाही. "मूळ स्वरूपातली" हे शब्द नीट वाचा: कापाकापी केलेलं जुनं पिस्तूल या सवलतीतून बाहेर पडू शकतं. १९७० मध्ये आलेली कोल्टची सिरीज ७० पिस्तुलंसुद्धा आता वयाने यात बसू लागली आहेत.

समोरचं पिस्तूल अस्सल आहे की जुळवाजुळव केलेलं, हे कसं ओळखायचं?

आधी सुरक्षा. मॅगझीन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढा, मग स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. क्रम उलटा करू नका: मॅगझीन आत असताना स्लाइड ओढून सोडली तर नवं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं.

आता भिंग काढा. अनुक्रमांक फ्रेमवर असतो, स्लाइडवर सहसा नसतो. त्यामुळे स्लाइड बदललेली आहे का हे आकडे जुळवून कळत नाही, खुणा वाचाव्या लागतात. कोल्टच्या स्लाइडवर डाव्या बाजूला पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात. शेवटची तारीख १९ ऑगस्ट १९१३ असेल आणि फ्रेमचा क्रमांक १९१२ सालचा असेल, तर ती स्लाइड त्या फ्रेमसोबत कारखान्यातून निघालेली असूच शकत नाही. इतकं साधं गणित आहे, तरी विक्रेत्यांच्या टेबलांवर अशी जोडपी "शंभर टक्के मूळ" म्हणून मांडलेली दिसतात.

मग अक्षरांच्या कडा बघा. कारखान्यात ठसा मारताना धातू अक्षराच्या काठाशी किंचित वर उचलला जातो. तो उंचवटा दिसला तर पॉलिशचं चाक तिथे फिरलेलं नाही. अक्षरं उथळ, कडा गुळगुळीत, स्क्रूच्या आणि पिनांच्या भोकांची तोंडं बशीसारखी पसरलेली दिसली, तर कुणीतरी घासून नवा रंग चढवला आहे. स्लाइडच्या सपाट बाजूवर उजेड तिरका पाडा. मूळ सपाटीवर प्रकाशाची रेघ सरळ जाते, घासलेल्यावर ती लाटेसारखी हलते.

नळीवरची अक्षरं स्लाइड मागे ओढल्यावर दिसतात. एचएस म्हणजे हाय स्टँडर्डची नळी, एफ म्हणजे फ्लॅनरीची. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातले पुरवठादार, त्यामुळे १९१४ सालच्या कोल्टमध्ये ही नळी दिसली तर ती नंतर बसवलेली. फ्रेमवर सैन्याच्या निरीक्षकाची आद्याक्षरं असतात. रेमिंग्टन रँडवर फ्रँक अ‍ॅटवुडची एफजेए, कोल्टवर गाय ड्ररीची जीएचडी किंवा वाल्डेमार ब्रोबर्गची डब्ल्यूबी. कारखाना, क्रमांक आणि आद्याक्षरं यांचा मेळ बसला पाहिजे. मॅगझीनही तपासा: सुरुवातीच्या मॅगझीनांच्या तळाला दोरी अडकवायची कडी असे, आणि त्यांना वेगळा भाव येतो.

सैन्यानेच दुरुस्त करून भाग बदललेले असतील तर ते पिस्तूल बाद धरायचं का?

मुळीच नाही, आणि या मुद्द्यावर मी अनेक जुन्या संग्राहकांशी भांडायला तयार आहे. युद्धानंतर सैन्याच्या शस्त्रागारांनी हजारो पिस्तुलं खोलली, चांगले भाग एकत्र जुळवले, पार्करायझिंगचा करडा-हिरवट थर दिला आणि फ्रेमवर आपली अक्षरं ठोकली. एए म्हणजे ऑगस्टा, आरआयए म्हणजे रॉक आयलंड. इथाकाची फ्रेम, कोल्टची स्लाइड आणि त्यावर एए असेल, तर ते पिस्तूल कोरियात किंवा व्हिएतनाममध्ये गेलेलं असू शकतं. तोही त्याचा खरा इतिहास आहे. भाव कमी असतो, म्हणून नवख्याला शिकायला हे उत्तम.

"युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी" असं कोरलेलं आहे. चोरीचा माल तर नाही?

तो शिक्का असणं हा पुरावा नव्हे. सरकारने स्वतःच यांतली बरीच नागरिकांना विकली. १९६०च्या दशकात सैन्याच्या नागरी नेमबाजी कार्यालयामार्फत विक्री झाली, आणि २०१८ पासून सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था अवस्थेनुसार प्रतवारी करून विकते आहे. त्या विक्रीचे कागद सोबत असतील तर किंमत वाढते. मात्र क्रमांक खोडलेलं किंवा बदललेलं पिस्तूल हातातही घेऊ नका. ते जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

कोल्टकडून पत्र मागवावं का?

कोल्टचं असेल आणि महाग असेल तर जरूर. कंपनीच्या जुन्या नोंदींवरून ते पिस्तूल कोणत्या तारखेला कुठे पाठवलं गेलं याचं पत्र शुल्क भरून मिळतं. नौदलासाठी पाठवलेल्या सुरुवातीच्या पिस्तुलांच्या स्लाइडवर तसा ठसा असतो आणि त्यांची नक्कल बरीच होते, तिथे हे पत्र कामाला येतं.

रंग उडालाय. पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करून घेऊ?

नको. जुनं नाणं चिंचेने घासून लखलखीत केलं की त्याची किंमत जाते, तसंच इथे होतं. ब्लूइंग करताना आधी पृष्ठभाग घासावा लागतो. म्हणजे अक्षरांच्या त्या कडा, यंत्राच्या बारीक रेघा, होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं आत-बाहेर होऊन स्लाइडच्या टोकाशी पडलेली चमक, सगळं एका दुपारी नाहीसं होतं आणि कुठल्याही पैशाने परत येत नाही. झिजलेलं पण अस्पर्श पिस्तूल हे चकचकीत, पुन्हा रंगवलेल्यापेक्षा नेहमीच मोलाचं. गंज चढत असेल तर तेल लावून मऊ कापडाने हलकेच पुसा आणि थांबा.

मग कस्टमायझेशन करायचंच नाही?

करायचं, आनंदाने करायचं, पण नव्या पिस्तुलावर. माझा सल्ला स्पष्ट आहे: एक जपायला, एक बदलायला. जपायचं ते सैन्यातलं. बदलायला आजच्या उत्पादनातलं घ्या. फिलिपिन्सच्या आर्मस्कोर कंपनीची रॉक आयलंड आर्मरी या नावाची पिस्तुलं स्वस्त आणि मजबूत आहेत. ज्या फिलिपिन्समुळे हे पिस्तूल जन्माला आलं, तिथेच ते आता बनतं याचं मला कायम अप्रूप वाटतं. तुर्कस्तानची टिसास आहे, इलिनॉयची स्प्रिंगफील्ड आर्मरी आहे. नावांत गोंधळू नका: आजची स्प्रिंगफील्ड ही खासगी कंपनी आहे. मॅसॅच्युसेट्समधली त्याच नावाची सरकारी आर्मरी १९६८ मध्येच बंद झाली.

फेरबदलांचीही एक परंपरा आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जेफ कूपर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पिस्तुलाच्या वेगवान स्पर्धा सुरू केल्या. त्या स्पर्धांच्या गरजेतून आर्मंड स्वेन्सन यांच्यासारख्या कारागिरांनी दोन्ही हातांनी चालणारी सेफ्टी, नेम धरायची मोठी साइट अशी कामं केली. पुढे बिल विल्सन, एड ब्राउन, लेस बेअर यांनी ती वाट रुंद केली. आज कारखान्यातून निघणाऱ्या पिस्तुलात ज्या सोयी सहज मिळतात, त्यांतल्या बऱ्याच या लोकांच्या टेबलावर जन्मल्या.

कोणत्या बदलापासून सुरुवात करू?

जो परत फिरवता येतो त्यापासून. मुठीच्या पट्ट्या चार स्क्रूंवर निघतात. अक्रोड, शिसवी, मायकार्टा (कापड आणि राळ यांचं कृत्रिम साहित्य), हवं ते लावा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारंच घ्या, नाहीतर खाच फाटते आणि ती फाटलेली खाच कायम दिसत राहते. मुठीची मागची बाजू सपाट हवी की फुगीर, तेही एका पिनेचं काम आहे. दोन्ही हातात धरून बघा, कारण याने पिस्तूल नैसर्गिकपणे किती वर किंवा खाली रोखलं जातं हे बदलतं.

यानंतरची कामं धातू कापणारी. साइट बसवायला स्लाइडमध्ये खाच, शेपटीसारख्या रुंद बीव्हरटेल ग्रिप सेफ्टीसाठी फ्रेमच्या मागच्या कानांना गोलाई, काडतुसाची रिकामी पुंगळी सहज बाहेर पडावी म्हणून स्लाइडची खिडकी खाली उतरवणं. मुठीच्या पुढच्या बाजूला चौकड्या कापायच्या असतील तर कारागिराच्या हाताला खरा मान द्या. एका इंचात २० किंवा ३० ओळी, त्या गोलाईवर, कानशीने. एक ओळ सरकली की पुढच्या सगळ्या वाकड्या. अशी चौकडी बोटाखाली लागली की पैसे कुठे गेले ते कळतं.

नेम सुधारायचा असेल तर नळीचं पुढचं बुशिंग (नळीचं टोक धरून ठेवणारी कडी) नीट बसवून घ्या. प्रत्येक गोळीनंतर नळी त्याच जागी परत बसली पाहिजे, अचूकतेचं गमक तिथे आहे.

चापाचं काम घरी करू का?

करू नका. सिअर (हॅमरला मागे अडवून धरणारा छोटा भाग) आणि हॅमर यांच्या ज्या पृष्ठभागांवर हे पिस्तूल अडून राहतं ते फार छोटे असतात. कोन चुकला की स्लाइड पुढे जाताना हॅमरही तिच्यामागोमाग पडतो आणि चाप न ओढता गोळी सुटू शकते. सैन्यातल्या पिस्तुलाचा चाप साधारण ५ ते ६.५ पौंडांचा असायचा. कारागिराकडून ४ पौंडांचा स्वच्छ चाप करून घ्या, तो पुरतो.

जुन्या पिस्तुलाने गोळ्या झाडाव्यात?

थोड्या, आणि आधी कारागिराकडून तपासून. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या स्लाइडचं पोलाद आजच्या मानाने मऊ आहे, त्या तडकतात. जुनी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे आणणारी) काढून पिशवीत जपून ठेवा आणि नवी १६ पौंडांची घाला. काडतुसं साधी, २३० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोलटोकी. जास्त दाबाची अजिबात नकोत.

जोडताना फ्रेमवर वाकडा ओरखडा उठला. टाळायचा कसा?

स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या कळीच्या) खाली कमानीसारखा दिसणारा हा ओरखडा लाखो पिस्तुलांवर आहे. स्लाइड स्टॉपचा दांडा भोकात घालून वर फिरवताना त्याचं टोक छोट्या प्लंजरला (स्प्रिंगवरच्या खिळीला) अडतं, माणूस जोर लावतो आणि टोक फ्रेमवर फरफटतं. उपाय सोपा: प्लंजर एखाद्या बारीक प्लास्टिकच्या पट्टीने आत दाबा, स्टॉप खालून फिरवण्याऐवजी भोकासमोर सरळ धरा आणि आत ढकला. फ्रेमवर आधी चिकटपट्टी लावली तर आणखी बरं.

ठेवायचं कसं? खंडेनवमीला पूजेत ठेवलं तर चालेल?

चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीही साठवू नका, चामड्यातली रसायनं आणि ओल धातू खातात. तेलाचा पातळ हात, तिजोरी, आत सिलिका जेल, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि घरात मुलं असतील तर किल्ली कुठे आहे हे त्यांना माहीत नसावं.

पूजेत जरूर ठेवा, मीही ठेवतो. पाहुणे येण्याआधी रिकामं असल्याची खात्री करा, स्लाइड मागे अडकवून ठेवा. गंध, हळदकुंकू आणि अक्षता पिस्तुलावर वाहू नका, खालच्या वस्त्रावर वाहा. ओलं गंध आणि फुलांचा ओलावा एका रात्रीत ब्लूइंगवर डाग पाडतो. पूजा उतरली की घामाचे ठसे पुसून तेल लावा आणि लगेच कुलपात.

भारतात असा संग्रह करता येईल का?

या पद्धतीने नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याखाली सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरूनही. दुरुस्ती आणि फेरबदलही परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागतात. अमेरिकेतलं पिस्तूल सामानात घालून नेण्याचा विचार मनात आणू नका: तिकडे निर्यातीचा आणि इकडे आयातीचा, असे दोन्हीकडे परवाने लागतात. ब्राउनिंग यांच्या हाताची ओळख मात्र भारतातही आहे. भारतीय सैन्याचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल, जे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलं, ते ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं आहे, आणि त्याची नळी स्लाइडमध्ये अडकण्याची पद्धत बघितली की १९११ शी असलेलं नातं लगेच दिसतं.

कागदपत्रं काय ठेवावीत?

प्रत्येक पिस्तुलाचं एक पाकीट करा. खरेदीची पावती, अनुक्रमांक, दोन्ही बाजूंचे आणि सगळ्या ठशांचे जवळून काढलेले फोटो, कोल्टचं पत्र असेल तर तेही. बदललेला प्रत्येक मूळ भाग, मग तो एक स्क्रू का असेना, चिठ्ठी लावून त्याच पाकिटात. घरातल्या एका माणसाला पाकिटं कुठे आहेत आणि विकायची वेळ आली तर कोणत्या परवानाधारक विक्रेत्याकडे जायचं, हे लिहून द्या. अनेक चांगले संग्रह घरच्यांना काय आहे ते न कळल्यामुळे मातीमोल भावात गेले आहेत.